मुरगावात सत्तरीचा पाऊस : मार्कोव्ह चेनचं आउटपुट बदलताना आणि रेखाटताना या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रकल्पाचं काम घेऊन एक मुलगी माझ्याकडे आली होती. राहणारी सांखळीची आणि विषय मार्कोव्ह साखळीचा, त्यामुळे वर्गात जी थट्टा व्हायची ती आधीच होऊन गेलेली. मॉडेल साधं पण नेटकं होतं. गोव्याचे बारा तालुके, आणि पावसाळ्यातल्या दिवसांवरून प्रत्येक तालुक्यासाठी दोन शक्यता काढायच्या : काल कोरडा दिवस गेला असेल तर आज पाऊस पडण्याची, आणि काल पडला असेल तर आजही पडण्याची. पावसाची ही दोन अवस्थांची मार्कोव्ह चेन, जिच्यात पुढची पायरी फक्त आत्ताच्या पायरीवर अवलंबून असते, आणि तिचे पॅरामीटर, म्हणजे त्या शक्यता, शोधायला जॅग्स या प्रोग्राममध्ये चालवलेली दुसरी मार्कोव्ह चेन, जी दर फेरीला पॅरामीटरची एक संभाव्य किंमत (ड्रॉ) उचलते. शेवटी आर या संगणकभाषेतल्या जीजीप्लॉटमध्ये काढलेलं देखणं चित्र. बारा तालुके, बारा आडव्या रेघा, प्रत्येकीवर मधोमध एक ठिपका.

ते चित्र सांगत होतं की एकदा लागलेला पाऊस न सोडण्यात मुरगाव पहिला आणि सांगे पार तळाला. खाली तिनं कारणही दिलं होतं. समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे, बंदराची जागा वगैरे, चांगला पाऊण पानाचा परिच्छेद. वाचायला पटण्यासारखा. फक्त जुलैत चार दिवस वाळपईला काढलेल्या माणसाला तो पटणार नाही. घाटाच्या पायथ्याला पाऊस धरला की धरतो.

‘बाय, हे मुरगावचं आहे?’ मी विचारलं.

‘हो मॅडम. मलाही नवल वाटलं, पण आर-हॅट चांगला आलाय.’

आर-हॅट, म्हणजे एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या चेन एकाच उत्तरावर आल्या का हे सांगणारा आकडा (१ च्या जितका जवळ तितका बरा), खरंच चांगला होता. मॉडेल बरोबर होतं, चेन नीट मिसळल्या होत्या. घोळ झाला तो जॅग्सनं दिलेलं आउटपुट एका रूपातून दुसऱ्या रूपात नेताना, आणि वाटेत एकही एरर आली नव्हती. अशा जागा मी बऱ्याच पाहिल्या आहेत, स्वतःच्या कामात धरून. त्याच इथे दाखवते. फंक्शनची नावं बोलतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना टिंब कुठे आणि खालची रेघ कुठे हे मदतीच्या पानावर बघून घ्या.

पहिला बरोबर, बाकीचे अकरा चूक

मॉडेलला तालुक्यांची नावं ठाऊक नसतात, क्रमांक ठाऊक असतात. तिनं साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमांक दिले होते : १ पेडणे, २ बार्देश, ३ डिचोली, ४ सत्तरी, ५ तिसवाडी, ६ फोंडा, ७ मुरगाव, ८ सासष्टी, ९ धारबांदोडा, १० सांगे, ११ केपे, १२ काणकोण. पाऊस टिकण्याच्या शक्यतेचं मॉडेलमधलं नाव थीटा; जॅग्सनं थीटा[१] ते थीटा[१२] याच क्रमानं परत दिले. इथवर सगळं ठीक.

मग तिनं जीजीप्लॉटसाठी डेटा लांब केला, म्हणजे पॅरामीटरची नावं एका कॉलमात आणि किमती शेजारच्या कॉलमात. चित्र काढताना नावांचा क्रम लागतो तो अक्षरांच्या हिशेबानं, आकड्यांच्या नव्हे. अक्षरांच्या हिशेबात १ नंतर २ येत नाही. १, १०, ११, १२ आणि मग २ येतो. अक्षावर तालुक्यांची नावं मात्र तिनं हातानं चिकटवली, आपल्या मूळ क्रमानं.

आता मांडून पाहा. दुसऱ्या जागेवर ‘बार्देश’ लिहिलंय, तिथे थीटा[१०] आहे, म्हणजे सांगे. ‘सत्तरी’च्या पाटीखाली काणकोण. ‘मुरगाव’ सातवा, आणि सातव्या जागेवर आलाय थीटा[४], म्हणजे सत्तरी. ‘सांगे’च्या जागी थीटा[७], म्हणजे खरा मुरगाव. बारांपैकी अकरा पाट्या चुकीच्या घरावर. बरोबर लागली ती एकच, पेडण्याची.

आणि तिनं तपासलं नव्हतं असंही नाही. पहिला तालुका घेऊन सरासरी मूळ आउटपुटशी ताडून पाहिली होती. पेडणे जुळलं, तिचं समाधान झालं. एरवी आपणही पहिलीच ओळ तपासतो, नाही का? या चुकीत तपासायची ती दहावी ओळ, किंवा दुसरी. पॅरामीटर नऊपर्यंतच असतील तर ही चूक होतच नाही, म्हणून लहान उदाहरणावर सगळं चालतं आणि खऱ्या डेटावर बिघडतं.

यात आणखी एक पीळ आहे. अक्षरांचा क्रम संगणकाच्या लोकॅलवर, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर, अवलंबून असतो. लॅपटॉपवर बहुधा १, १०, ११, १२, २ असा लागेल. पण सर्व्हरवर सी लोकॅल असेल तर शून्याचं चिन्ह चौकोनी कंसाच्या आधी येतं, आणि क्रम लागतो १०, ११, १२, १, २. म्हणजे तीच स्क्रिप्ट दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या चुका करते. दोघांनी एकमेकांची चित्रं ताडली तर दोघंही गोंधळणार.

उपाय असा. क्रमांक आणि नाव यांचा दोन कॉलमांचा तक्ता मॉडेलला डेटा पाठवतानाच करून ठेवायचा, नंतर आठवणीतून नव्हे. आउटपुटमधल्या नावातून कंसातला आकडा काढायचा, तो खरा आकडा करायचा, आणि त्या आकड्यावरून तक्ता जोडायचा. मग फॅक्टरच्या (आरमधल्या गटवार कॉलमच्या) लेव्हल्स, म्हणजे गटांचा क्रम, आपण स्वतः, स्पष्ट, लिहून द्यायच्या. अक्षावर पाट्या हातानं चिकटवायच्या नाहीत. पाटी डेटातूनच यायला हवी.

क्रमांक तुम्ही दिले नसतील, तालुक्याचा कॉलम फॅक्टर करून त्याचे आकडे मॉडेलला दिले असतील, तर ते आकडे वर्णक्रमानं पडलेले असतात. फाइलीत तालुके इंग्रजीत लिहिले असतील तर पहिला येतो बार्देश, देवनागरीत असतील तर काणकोण. एकाच टेबलावरच्या दोघांकडे दोन फाइली असल्या की पुढचं सांगायला नको.

पिसलेले पत्ते

माझ्या मते ही सगळ्यांत घातक चूक, कारण तिच्यामुळे चित्र बिघडत नाही, उलट सुधारतं.

स्टॅन हा जॅग्ससारखाच दुसरा प्रोग्राम, आणि आरस्टॅन त्याचं आरमधलं पॅकेज. त्यातलं एक्स्ट्रॅक्ट हे फंक्शन काही न सांगता चालवलं तर ते वॉर्म-अप (सुरुवातीच्या सरावाच्या फेऱ्या) टाकून देतं, सगळ्या चेन एकत्र करतं, आणि ड्रॉ पिसून हातात ठेवतं. ‘परम्यूटेड’ या पर्यायाची मूळ किंमतच ट्रू आहे. आर-टू-विनबग्स आणि त्याच वळणाच्या पॅकेजांमध्ये उत्तराचे तीन अवतार असतात : सिम्स-अ‍ॅरे, सिम्स-मॅट्रिक्स आणि सिम्स-लिस्ट. यांतला अ‍ॅरे मूळ क्रमात असतो, उरलेले दोन पिसलेले.

यात पॅकेजवाल्यांचा दोष नाही. सरासरी, मीडियन, ९५ टक्क्यांची पट्टी यांपैकी कशालाच क्रमाशी देणंघेणं नसतं. पिसताना अख्खी ओळ हलते, त्यामुळे दोन पॅरामीटरमधला संबंधही शाबूत राहतो. कोष्टक करायचं असेल तर खुशाल वापरा.

पण ट्रेसप्लॉट म्हणजे क्रमाचंच चित्र : आडव्या अक्षावर फेरी, उभ्यावर किंमत. पिसलेल्या ड्रॉचा ट्रेसप्लॉट काढला की पडद्यावर येतो दाट, सपाट, केसाळ सुरवंट, जसा प्रत्येक पाठ्यपुस्तकात आदर्श म्हणून छापलेला असतो. चेन पहिल्या तीनशे फेऱ्या कोपऱ्यात अडकून पडली होती का, ती सरपटत होती का, एक चेन वेगळ्याच डोंगरावर बसली होती का, यातलं काहीही दिसत नाही. अशा ड्रॉचे तीन सारखे तुकडे करून त्यांना चेन एक, दोन, तीन म्हणा आणि आर-हॅट काढा. उत्तर १.०० च्या आसपासच येणार. एकाच गड्डीतले पत्ते तीन जणांना वाटले आणि तिघांकडे साधारण सारखीच लाल-काळी पानं आली, यात त्या तिघांचं एकमत झालं असं कोण म्हणेल?

ओळखायचं कसं? चेनच्या पहिल्या पाच किमती मूळ आउटपुटमधून छापा आणि रूपांतर केलेल्यातून छापा. जुळल्या नाहीत तर पिसलेलं आहे. मूळ हाताशी नसेल तर एका पावलाच्या अंतराचं ऑटोकोरिलेशन, म्हणजे लागोपाठच्या किमतींचा एकमेकींशी संबंध, बघा. गिब्ज पद्धतीनं (एकेक पॅरामीटर पाळीपाळीनं बदलत) चालवलेल्या, तालुक्यांना एकत्र बांधणाऱ्या मॉडेलमध्ये ते प्रत्येक पॅरामीटरसाठी शून्याला चिकटून असेल तर शंका घ्या. स्टॅनच्या बाबतीत हा पुरावा पुरत नाही; त्याच्या चेनमध्ये ऑटोकोरिलेशन मुळातच कमी, कधी उणेही असू शकतं.

दुरुस्ती सोपी आहे. परम्यूटेड फॉल्स करा, म्हणजे फेऱ्या, चेन, पॅरामीटर असा तीन मितींचा अ‍ॅरे मिळेल. किंवा पोस्टीरियर पॅकेजमधलं अ‍ॅज-ड्रॉज-अ‍ॅरे वापरा. कोडा या चेन तपासण्याच्या पॅकेजकडेच न्यायचं असेल तर आरस्टॅनमध्ये अ‍ॅज.एमसीएमसी.लिस्ट नावाचं फंक्शन आहे, पण त्याचा पहिला ‘ए’ मोठा आहे. लहान ‘ए’वालं कोडाचं, आणि त्याला स्टॅनचा फिट ओळखता येत नाही. या एका अक्षरावर माझी एक दुपार गेलेली आहे.

आकडे तेच, निशाण्या पुसल्या

कोडामधला एमसीएमसी ऑब्जेक्ट म्हणजे वरकरणी एक मॅट्रिक्स. ओळीत फेऱ्या, कॉलमात पॅरामीटर. पण त्याच्या पाठीवर तीन आकडे कोरलेले असतात : पहिली फेरी कितवी, शेवटची कितवी, आणि दर किती फेऱ्यांमागे एक ठेवली. त्या मॅट्रिक्सवर तुम्ही काही हिशेब केला, समजा लॉजिटच्या मापावरून ० ते १ मधल्या शक्यतेत आणलं, एखादा कॉलम जोडला, डेटा-फ्रेम केली आणि पुन्हा अ‍ॅज.एमसीएमसी चालवलं, की नव्या ऑब्जेक्टवर लिहिलं जातं : सुरुवात १, टप्पा १. जुना इतिहास गेला.

गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मुळात गणिती. आहत नाण्यांचा अभ्यास करताना त्यांनी नाणी वजन करून करून त्यांचं संख्याशास्त्र मांडलं. नाण्यावरचे छाप आणि झिजेनं घटलेलं वजन यांवरून ते किती काळ हातोहात फिरलं याचा माग ते काढत. तीच नाणी वितळवून चांदीची लगड केली तर चांदी कुठे जात नाही, पण माग काढायला काही उरत नाही. अ‍ॅज.एमसीएमसीचा बेफिकीर वापर म्हणजे ही लगड.

तुम्ही म्हणाल, आडव्या अक्षावरचे आकडे बदलले तर काय बिघडलं? बघा काय बिघडतं. जॅग्सला अ‍ॅडॅप्टेशनच्या १,००० फेऱ्या दिल्या, त्यावर ९,००० फेऱ्या बर्न-इन म्हणून, म्हणजे चेन स्थिरावेपर्यंतच्या म्हणून, सोडल्या, मग १०,००० फेऱ्या दर दहाला एक अशा ठेवल्या. कोडा.सॅम्पल्सकडून मिळालेल्या चेनची सुरुवात १०,०१० ला, शेवट २०,००० ला, आणि ओळी १,०००. आता कोडाचं आर-हॅट काढणारं गेलमन.डायग चालवा. त्यात ‘ऑटोबर्निन’ नावाचा पर्याय मुळातच चालू असतो. चेनची सुरुवात शेवटाच्या निम्म्याहून आधी असेल तर तो पहिला अर्धा भाग स्वतःच कापतो. आपली सुरुवात १०,०१०, शेवटाचा निम्मा १०,०००. म्हणून तो काही कापत नाही. हजारच्या हजार ओळी हिशेबात येतात.

तेच आकडे निशाण्या पुसून द्या. सुरुवात १, शेवट १,०००. ऑटोबर्निनला वाटतं बर्न-इन टाकलेलंच नाही. तो ५०० ओळी कापतो आणि उरलेल्या अर्ध्यावर आर-हॅट काढतो. आकडे तेच, फंक्शन तेच, उत्तर वेगळं. आणि हे उत्तर वाईटच येईल असंही नाही. सुरुवातीच्या भागात चेनचं जुळत नसेल तर ते लपूनही जाईल.

म्हणून हिशेब झाल्यावर ऑब्जेक्ट परत बांधताना एमसीएमसी फंक्शनला सुरुवात १०,०१० आणि टप्पा १० हे स्वतः द्या. ऑटोबर्निन बंद करायची सवय लावा; बर्न-इन किती टाकायचं हे आपण चित्र बघून ठरवतो, त्याला परत ठरवू द्यायचं कारण नाही. पोस्टीरियर पॅकेजच्या ड्रॉज-डीएफमध्ये चेन, फेरी आणि ड्रॉ यांचे वेगळे कॉलम ओळीबरोबरच चालतात, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. नवीन काम सुरू करणाऱ्याला मी हल्ली तेच सुचवते.

एकामागे एक लावलेल्या चेन

तीन चेनची यादी हाती असते आणि जीजीप्लॉटला तर एकच तक्ता हवा असतो. मग लोक यादीतल्या मॅट्रिक्स एकाखाली एक जोडतात. जोडायला हरकत नाही, पण चेनचा कॉलम न घालता जोडल्या की हजारावी ओळ पहिल्या चेनची शेवटची आणि हजार-एकावी दुसऱ्या चेनची पहिली, हे कोणालाच कळत नाही. चेन जुळलेल्या नसतील तर ट्रेसप्लॉट जिन्यासारखा दिसतो : एक पायरी, उडी, दुसरी पायरी. लोक त्याला ‘चेनमध्ये मध्येच बदल झाला’ म्हणतात. बदल कसला, तो सांधा आहे.

कोडामध्ये अ‍ॅज.मॅट्रिक्सला चेन्स आणि इटर्स हे दोन पर्याय ट्रू करून दिले की दोन्ही कॉलम आपोआप लागतात. अ‍ॅज.एमसीएमसी थेट यादीवर चालवलं तर एकाहून जास्त चेन असल्याची एरर येते. ती आली की लोक वैतागून यादीतला पहिला घटक उचलतात आणि पुढे जातात. तीन चेन चालवून एकच पाहिली, म्हणजे उरलेल्या दोन चालवल्या कशाला?

इथेच एक बारीक फरक सांगून ठेवते. कोडाचं इफेक्टिव्हसाइझ प्रत्येक चेनचा परिणामी नमुना, म्हणजे तिच्यात किती स्वतंत्र किमतींइतकी माहिती आहे तो आकडा, वेगळा मोजतं आणि बेरीज करतं. तीन चेन तीन वेगळ्या ठिकाणी रुतून बसल्या असल्या तरी बेरीज भरघोस येऊ शकते. पोस्टीरियरमधली मोजणी चेनमधलं अंतरही धरते, म्हणून तिथे तोच आकडा धाडकन खाली येतो. दोन पॅकेजांचे आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरलेले फोन मला येतात, त्यांतले बरेचसे याच कारणाचे. आर-हॅटचंही तसंच. गेलमन आणि रुबिन यांनी तो १९९२ साली मांडला, आणि १.१ च्या खाली असेल तर चालेल हा संकेत पुढे बरीच वर्षं चालला. २०२१ साली व्हेटारी, गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रमवारीवर आधारलेला सुधारित आर-हॅट दिला आणि मर्यादा १.०१ वर आणली. चार चेन मिळून परिणामी नमुना ४०० तरी असावा, असंही सुचवलं. कोडा जुना आर-हॅट देतं, पोस्टीरियर नवा. कुठला काढलाय ते प्रबंधात लिहा.

आडवं की उभं

कोडाला ओळीत फेऱ्या हव्यात. बेजप्लॉट या चित्रांच्या पॅकेजला अ‍ॅरे द्यायचा तर मिती फेऱ्या, चेन, पॅरामीटर या क्रमानं. आरजॅग्सचं जॅग्स.सॅम्पल्स जे देतं त्यात पॅरामीटरच्या मिती आधी, मग फेऱ्या, शेवटी चेन. पायथनकडचं आरव्हिझ चेन आधी मागतं, मग ड्रॉ. चार घरं, चार रीती.

१,००० फेऱ्या आणि ४ चेनचा अ‍ॅरे जसाच्या तसा आरव्हिझला दिला तर ते समजतं १,००० चेन, प्रत्येकीत ४ ड्रॉ. त्याबद्दल ते इशाराही देतं, पण नोटबुकमध्ये इशारे बंद करून ठेवणारे महाभाग आहेतच. मिती फिरवायच्या असतील तर आरमध्ये एपर्म वापरा. अ‍ॅरेला नुसता डिम बदलून दिला तर आकडे जागचे हलत नाहीत, पाट्याच बदलतात; आर आधी कॉलम भरतं, पायथनचं नमपाय आधी ओळ, त्यामुळे चेन एकमेकींत विणल्या जातात. विणलेल्या चेनचा आर-हॅटही छान येतो, पिसलेल्या पत्त्यांच्याच कारणानं.

ओरडणाऱ्या चुका

या सोप्या. त्या निदान तोंडानं सांगतात.

फिगर मार्जिन फार मोठे झाल्याची एरर : चोवीस पॅरामीटरचा प्लॉट एका लहान खिडकीत मावत नाही. आरस्टुडिओची खिडकी ओढून मोठी करण्याऐवजी थेट पीडीएफमध्ये काढा, किंवा चार-चार पॅरामीटर घ्या.

‘लीडिंग मायनर’ पॉझिटिव्ह डेफिनिट नाही अशी गेलमन.डायगची कुरकुर : बहुधा एखादा पॅरामीटर अचल आहे, जसा कोरिलेशन मॅट्रिक्सच्या कर्णावरचा १. तो काढून टाका किंवा मल्टिव्हेरिएट फॉल्स करा.

सुरुवात, शेवट किंवा थिनिंग (दर किती फेऱ्यांमागे एक ठेवली ते) वेगळं असल्याची एरर : एक चेन मध्येच थांबलेली असते. विंडो वापरून सगळ्या एका मापात कापा.

थीटा[१] नावाचा कॉलम सापडत नाही : डेटा-फ्रेम करताना आरनं कंसाची टिंबं केली, आणि तो आता ‘थीटा.१.’ झालाय. चेक.नेम्स फॉल्स. कमांडस्टॅनच्या (स्टॅन चालवायची दुसरी वाट) सीएसव्हीत तर मुळातच टिंब असतं, आणि त्या फाइलीत हॅशनं सुरू होणाऱ्या टिपांच्या ओळीही असतात, रीड.सीएसव्ही टिपा आपण होऊन वगळत नाही, त्याला सांगावं लागतं.

चित्र काढताना

आमच्या पावसाचंच घ्या. सत्तरीत जुलैत काल पाऊस होता तर आज असण्याची शक्यता एकाला अगदी भिडलेली. जीजीप्लॉटच्या साध्या डेन्सिटीनं तिचा डोंगर काढला तर एकाच्या अलीकडे तो उगाच उतरतो, कारण गुळगुळीत करणारा हिशेब काठ ओळखत नाही. आणि अक्ष हातानं पुढे वाढवलात तर एकाच्या पलीकडेही भिंत नसल्यासारखा सांडतो. कोडाचं डेन्सप्लॉट काठावर आरसा धरल्यासारखं करून हे सांभाळतं. नाहीतर सरळ हिस्टोग्राम काढा, चौकटी ० ते १ मध्येच पाडून. मला तोच आवडतो. कमी देखणा, पण खोटं बोलत नाही.

ट्रेसप्लॉटमध्ये वॉर्म-अप ठेवलं तर पहिल्या काही फेऱ्यांच्या उड्या उभा अक्ष इतका ताणतात की पुढचं सगळं एका सपाट रेघेत दबतं. आणि चार चेन चार रंगांत एकावर एक काढल्या तर शेवटची बाकीच्यांना झाकते. तीच चांगली असली की काम झालंच. रंग अर्धपारदर्शक करा, किंवा बेजप्लॉटमधली क्रमवारीची चित्रं काढा. तिथे प्रत्येक चेनच्या पट्ट्या साधारण सारख्या उंचीच्या हव्यात, आणि एखादी चेन भलतीकडे गेली असेल तर ती लपूच शकत नाही.

मराठी पाट्या हा आपला खास त्रास. पडद्यावर ‘धारबांदोडा’ नीट दिसतं, आणि पीडीएफ केली की त्या जागी ठिपक्यांची रांग. आरचं साधं पीडीएफ देवनागरी ओळखत नाही. कैरो-पीडीएफ वापरा, किंवा चित्र पीएनजीत हवं असेल तर रॅग पॅकेज. शोटेक्स्टनं अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं तुटतात. ‘सत्तरी’तला त पाय मोडून बसतो. छापण्यापूर्वी जोडाक्षर असलेलं एक नाव मोठं करून बघाच.

आणि फाइल

सांखळीच्या त्या मुलीनं नंतर हेच मॉडेल स्टॅनमध्ये लिहिलं, कमांडस्टॅन-आर वापरून. रात्रभर चालवलं, सकाळी फिट आरडीएस फाइलीत साठवला, लॅपटॉप बंद केला, बसनं पणजीला आली. माझ्यासमोर फाइल उघडली, ड्रॉ मागितले, आणि सीएसव्ही सापडत नाहीत असं उत्तर आलं.

कमांडस्टॅन-आर चेनच्या किमती सीएसव्हीत लिहितं आणि त्या फाइली, वेगळं सांगितलं नाही तर, तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतं. आर बंद झालं की फोल्डर गेलं. फिट ऑब्जेक्टमध्ये ड्रॉ तोवर वाचून घेतलेले नसतील, तर साठवलेल्या आरडीएसमध्ये फक्त त्या फाइलींचे पत्ते असतात. साध्या सेव्हआरडीएसऐवजी फिटचंच सेव्ह-ऑब्जेक्ट वापरायचं, ते आधी सगळं वाचून घेतं. किंवा चालवतानाच आउटपुटचं फोल्डर आपलं द्यायचं. मी दोन्ही करते, कारण पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याला कुठलीच चेन लागू पडत नाही.

मॉडेल परत लावलं. चहा होईस्तोवर तिनं जुन्या प्रबंधाची फाइल उघडली आणि मुरगावच्या बाष्पाच्या वाऱ्यांचा तो पाऊण पानाचा परिच्छेद निवडून कापला. डिलीट मात्र केला नाही. वेगळ्या फाइलीत चिकटवला, आणि फाइलीला नाव दिलं : थीटा[४].